फक्त चिमीचा टोस्टर

मी एक जुना टोस्टर आहे, मित्रांनो. दोन फटींचा, एका बाजूने चेपलेला. तुम्ही म्हणाल, टोस्टरची कसली आलीय जन्मकथा? पाव आत गेला, पाव वर आला, झालं. मलाही आधी तसंच वाटायचं. पण माझ्या आयुष्यात पाव कमी आणि भानगडी जास्त झाल्या, म्हणून सांगायला बसलोय. शिवाय सध्या माझ्याकडे वेळच वेळ आहे.

माझा जन्म कारखान्यातला. एका सरकत्या पट्ट्यावर आम्ही सगळे भाऊ एकामागोमाग एक चाललो होतो. कुणी तारा बसवल्या, कुणी दांडी लावली, कुणी पोटाखाली चुरा पडायचा ट्रे सरकवला. शेवटी एका बाईंनी मला चालू करून बघितलं. मी लाल झालो. त्या म्हणाल्या, "ठीक आहे." जन्मात मिळालेलं ते पहिलं कौतुक. मग थर्माकोल, खोका आणि अंधार.

खोका उघडला तो एका स्वयंपाकघरात. उघडल्या उघडल्या एका बाईंनी माझ्या अंगावर कागद चिकटवला. 'फक्त चिमीसाठी. दुसऱ्या कुणाचा हात लागला तर बघाच.' या बाई म्हणजे चिमीची आई. अक्षर सुंदर, पण धाक असा की मी पहिला आठवडाभर गरम व्हायलाही घाबरत होतो.

चिमी तेव्हा एवढीशी होती. तिला गहू चालायचा नाही. नावडता म्हणून नाही हं. गव्हात आणि बार्लीत ग्लुटेन नावाचा एक चिकट पदार्थ असतो. तुम्ही तो रोज खाता आणि ढेकर देता. चिमीच्या आतड्यांना मात्र त्याचा कणही सोसायचा नाही. पोट दुखायचं, उलट्या व्हायच्या, खाल्लेलं अंगाला लागायचंच नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "याला औषध नाही. गहू बंद, कायमचा. आणि टोस्टर वेगळा ठेवा. तुमच्या पावाचा चुरा हिच्या पावाला लागला तरी पुरे आहे." त्या एका वाक्यामुळे मी या घरात आलो.

घरात एक टोस्टर आधीपासून होता. चार फटींचा, जाडजूड, पोटात वर्षानुवर्षांचा चुरा. तो जेवणाच्या टेबलावर मधोमध बसायचा. सकाळी त्याच्याभोवती नुसती झुंबड. चिमीचे बाबा, आई, काका, सगळ्यांचे हात त्याच्यात. "माझा जास्त भाज", "अरे तो माझा तुकडा होता", "लोणी इकडे दे". चुरा उडतोय, हशा उडतोय. आणि मी? मी ओट्याच्या पार टोकाला, खिडकीपाशी. शेजारी एक उंच स्टूल. त्या स्टुलावर चिमी. टेबलावर चुरा उडतो म्हणून तिचं ताट इकडे.

तिचा पाव तांदळाच्या आणि मक्याच्या पिठाचा. आकाराने बिस्किटाएवढा आणि स्वभावाने चिडका. जरा जोरात धरला की हातात भुगा. फ्रीजरमधून काढला की दगड, भाजला की पुठ्ठा. त्या दोन अवस्थांच्या मधे एक क्षण असायचा, तेव्हाच तो पाव असायचा. तो क्षण मला बरोबर साधायचा. "आज चांगला जमला रे तुला," असं चिमी मला म्हणायची. टेबलाकडे पाठ करून आम्ही दोघं नाश्ता करायचो. बाकीच्यांना माल्टचं दूध मिळायचं. माल्ट बार्लीचं, म्हणून तिला साधं दूध. ती माझ्याशी बोलायची, शाळेतलं सगळं सांगायची. मी टिक टिक करायचो. रविवारी मला उलटा करून हळूहळू थोपटायची, ट्रे धुवायची, बारक्या ब्रशने तारा झटकायची. असं आमचं चाललं होतं. एकटे होतो, पण दोघं होतो.

आता जरा चिमीच्या बाबांकडे वळू. त्यांचं किराणा मालाचं दुकान. दुकानात अगदी मागे, फिनेलच्या बाटल्यांशेजारी, त्यांनी चिमीसाठी मागवलेल्या मालाचं एक छोटं फडताळ होतं. वर लिहिलं होतं 'ग्लुटेन-फ्री'. कित्येक वर्षं त्या फडताळाकडे माशीसुद्धा फिरकली नाही. आणि मग एके दिवशी वारं फिरलं. कुणीतरी कुठेतरी सांगितलं म्हणे, की गहू सोडला की चेहरा उजळतो. दुसऱ्याने सांगितलं, केस गळायचे थांबतात. तिसऱ्याने सांगितलं, मन शांत होतं. चौथ्याने काहीच सांगितलं नाही, तो सरळ दुकानात आला आणि दोन पिशव्या भरून घेऊन गेला.

मग काय विचारता. फडताळ मागून मधे आलं, मधून पुढे आलं, पुढून काचेत आलं. व्यायामशाळेतली पोरं यायला लागली. एक कुत्रेवाल्या बाई आपल्या कुत्र्यासाठी ग्लुटेन-फ्री बिस्किटं मागायला लागल्या. कुत्रा मात्र दारातच बसून शेजारच्या बेकरीकडे बघत असायचा. बाबांनी सरळ एक शिक्काच करून घेतला आणि दिसेल त्यावर मारत सुटले. ग्लुटेन-फ्री सरबत. ग्लुटेन-फ्री पाणी. ग्लुटेन-फ्री मीठ, ग्लुटेन-फ्री अंडी, ग्लुटेन-फ्री मेणबत्त्या.

"आणि हा झाडू?" एका गिऱ्हाइकाने विचारलं.

"अजिबात ग्लुटेन नाही हो," बाबा म्हणाले. "घरी वापरतो आम्ही."

हे सगळं मला कसं कळायचं? बाबा रात्रीचं जेवण जेवताना दुकान पुन्हा एकदा चालवून दाखवायचे, म्हणून.

पण दुकान खरं चाललं ते काकामुळे. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. स्वभावाने गोड, पोटाने गोल. त्याला मधे टायफॉइड झाला आणि तो असा वाळला की पॅन्ट हाताने धरून चालावं लागायचं. बाबांनी लगेच त्याचा फोटो काढून घेतला. शेजारी त्याचा जुना, गोल फोटो. दोन्ही मोठे करून काचेवर लावले आणि खाली लिहिलं, 'मी गहू सोडला, पोटाने मला सोडलं.' टायफॉइडचा कुठेही उल्लेख नाही. लोक थांबून थांबून बघायचे. काका दुकानात आला की त्याचं पोट पुन्हा भरत चाललंय हे दिसू नये म्हणून बिचारा श्वास रोखून उभा राहायचा. एकदा एक गिऱ्हाईक फार वेळ बोलत बसलं, तेव्हा काका निळा पडला होता.

मग बाबांनी जाहीर केलं, "आपण विकतो तेच आपण खाल्लं पाहिजे. लोकांनी विचारलं तर काय सांगू? उद्यापासून या घरात गहू बंद. सगळ्यांचा."

चिमी कित्येक वर्षं हेच मागत होती. टेबलावर बसता यावं, एवढंच म्हणत होती. "सगळ्यांना कसं जमेल बाळा?" असं तिला सांगितलं जायचं. जे तिच्या पोटाने झालं नाही, ते बाजाराने एका दिवसात करून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला येऊन चार फटींच्या टोस्टरला घेऊन गेला. काका त्याला सोडायला जिन्यापर्यंत गेला. डोळे ओले होते. आम्हाला वाटलं, माणूस हळवा आहे.

आणि चिमी टेबलावर आली. मधल्या खुर्चीत, आई-बाबांच्या मधे. आता सगळ्यांचा पाव माझ्यात भाजायचे, ताटात घालून टेबलावर न्यायचे. मी ओट्यावरच. स्टूल रिकामं. तिला हसताना ऐकायचो आणि बरं वाटायचं, खरंच. पण मित्रांनो, खोटं कशाला बोलू, माझी सकाळ एकदम मोठी झाली होती. चिमी रविवारी यायची साफ करायला, तेव्हा मात्र आधीसारखी बोलायची. त्या वर्षी तिला एकच ध्यास होता. शाळेची मुक्कामाची सहल. आजवर तिला कधी पाठवलं नव्हतं. या वेळी डॉक्टर म्हणाले होते, रक्ताचा रिपोर्ट चांगला आला तर खुशाल जाऊ द्या, फक्त तिचा पाव आणि तिचा टोस्टर बरोबर द्या. "तू पण येणार आहेस," ती मला सांगायची. "आपण खिडकीशी बसू."

मी सहलीला जाणार होतो, मित्रांनो. कुठला टोस्टर सहलीला जातो?

आणि नेमकं तेव्हाच काकाचं सुरू झालं.

दुपारची वेळ. बाबा दुकानात, आई तिच्या ऑफिसात, चिमी शाळेत. काका जेवायला म्हणून घरी यायचा. आल्यावर दाराला कडी लावायचा आणि डोक्यावरचं हेल्मेट काढायचा. हेल्मेटच्या आत, कागदात गुंडाळलेला, गव्हाचा पाव. मऊ, मनुके घातलेला, लांबच्या बेकरीतला. लांबच्या अशासाठी की आमच्या गल्लीत सगळे त्याला फोटोवरून ओळखायचे. हेल्मेट न काढताच तो पाव विकत घ्यायचा म्हणे. बेकरीवाला पहिल्या दिवशी हात वर करून उभा राहिला होता.

बरं, खायचा तर तसाच खावा. पण नाही. काकाला पाव भाजलेलाच लागायचा, कडेने जरा करपलेला. आणि घरात टोस्टर आता एकच. तो माझ्यापुढे उभा राहायचा, अंगावरचा कागद वाचायचा, इकडे तिकडे बघायचा आणि म्हणायचा, "एकच तुकडा हं."

मी काय करणार? मला तोंड आहे, पण ते पावासाठी. एकदा मी मुद्दाम जाळून कोळसा केला. काकाने तो खाल्ला आणि "आज मस्त झालाय" म्हणाला. खाऊन झालं की फुंकर मारून चुरा उडवायचा. ओट्यावरचा उडायचा. तारांमधला तिथेच राहायचा.

हेल्मेटमधल्या पावाचा चुरा त्याच्या केसांत पडायचा. आईंच्या नजरेला आलं. "भाऊजी, केवढा कोंडा झालाय तुम्हाला," असं म्हणून त्यांनी दुकानातली शाम्पूची बाटली आणून दिली. तिच्यावरही शिक्का होता. काकाने महिनाभर ग्लुटेन-फ्री शाम्पूने गव्हाचा पाव धुतला.

हसलात ना? मीही हसलो असतो. पण चिमी आजारी पडली.

आधी पोट दुखायला लागलं. मग उलट्या. मग ती टेबलावर बसायची आणि ताटाकडे नुसती बघत राहायची. रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, "कुठून तरी गहू पोटात जातोय."

घरात तर गहू नाही. मग सगळ्यांचे डोळे चिमीकडे वळले.

"शाळेत कुणाच्या डब्यातलं खाल्लंस?" आईंनी विचारलं.

"कुणाच्या नाही."

"चिमे, खरं सांग. मी ओरडणार नाही."

"खरंच नाही खाल्लं, आई."

"मग काय हवेतून गेलं? सगळं घर तुझ्यासाठी गहू सोडून बसलंय आणि तू बाहेर जाऊन..." आईंचा आवाज चिरकला. घाबरल्या होत्या त्या. घाबरलेली माणसं रागावल्यासारखीच दिसतात. "तुझा भरवसाच नाही, तर कशी पाठवू तुला मुक्कामाला? सहल नाही."

काका दारात उभा होता. तो खाकरला आणि म्हणाला, "जाऊ दे ना वहिनी. लहान आहे. होतो कधीकधी मोह."

हे ऐकून माझी एक तार तुटायचीच बाकी होती.

चिमी उठून ओट्याशी आली, जुन्या स्टुलावर बसली, टेबलाकडे पाठ करून. मला वाटलं रडेल. तिने रविवार नसतानाही मला उलटा केला, थोपटला, घासला, पुसला. "तू तरी सांग ना त्यांना," असं म्हणाली. मग त्या स्वच्छ केलेल्या माझ्यात तिने आपला पाव घातला आणि खाल्ला. तारांमध्ये काय अडकलंय ते मला माहीत होतं. मी त्या दिवशी गरमच होणार नाही असं ठरवलं होतं. पण बटण दाबलं की आम्हाला गरम व्हावंच लागतं.

मग आला तो शनिवार. बाबांनी दुकानात नव्या पावाची चव घ्यायला सगळ्यांना बोलावलं होतं. व्यायामशाळेतली पोरं, कुत्रेवाल्या बाई, चिमीचे डॉक्टरसुद्धा. आई आणि चिमी सकाळपासून तिकडेच मदतीला होत्या. दुकानात टेबल मांडलं, कापड घातलं. मग त्यांना एक कल्पना सुचली आणि ते स्कूटर घेऊन घरी आले.

काका तेव्हा माझ्यापुढेच उभा होता. मनुक्यांचा अर्धा पाव नुकताच एका फटीत घातलेला. स्कूटरचा आवाज आला, तसा त्याने घाबरून तो पाव हाताने खोल दाबला. तो असा रुतून बसला की खालून वरून निघेना.

"टोस्टर नेतो रे दुकानात," बाबा म्हणाले. "लोकांना दाखवतो, याला एवढ्या वर्षांत गव्हाचा कण लागलेला नाही."

"दादा, टोस्टर कशाला? तवा ने ना," काका म्हणाला.

"तव्यावर काय दाखवू?"

"मग मी आणतो. तू हो पुढे. मी जरा पुसून आणतो."

"चिमीने पुसलाय तो. चल, बस मागे."

मी स्कूटरवरून दुकानात गेलो. मित्रांनो, एवढा मान मला कधी मिळाला नव्हता. चकचकीत कापड, सगळ्यांच्या नजरा माझ्यावर आणि पोटात ते पाप. बाबांनी भाषण केलं. मग एक तांदळाचा पाव दुसऱ्या फटीत घातला आणि दांडी खाली केली. काकाने माझी वीज तोडायला म्हणून भिंतीवरचं बटण दाबलं, ते निघालं आइस्क्रीमच्या फ्रीजचं. मी तापत राहिलो.

आणि वास सुटला.

गव्हाचा पाव भाजल्याचा वास. त्यात मनुके. दुकान हळूहळू गप्प झालं. कित्येक महिने पुठ्ठा खाल्लेली ती माणसं. एका पैलवान पोराने डोळे मिटून घेतले. कुत्रेवाल्या बाईंचा कुत्रा दारातून उठून थेट आत आला.

"अहो, हा कुठला पाव म्हणायचा?" बाई म्हणाल्या. "मला हाच द्या. चार."

"मला सहा," पैलवान म्हणाला.

"देतो, देतो," बाबा म्हणाले. चेहरा असा फुलला होता की विचारू नका. "आमचा नवा माल. शंभर टक्के ग्लुटेन-फ्री."

खट्. दांडी वर आली. एका फटीतून तांदळाचा फिकट तुकडा निघाला. दुसऱ्या फटीतून, कुणी घातलेला नसताना, तांबूस, फुगलेला, मनुकेवाला अर्धा पाव उडाला आणि टेबलावर पडला. कुत्र्याने तो उचलला.

हशा पिकला. बाबाही हसले, काय झालंय ते न कळून. फक्त चिमी हसली नाही. ती गर्दीच्या कडेला उभी होती. पुढे आली, माझ्या फटीत वाकून बघितलं, मग बाबांकडे बघितलं.

"बाबा, हा आपला पाव नाहीये."

तेवढंच. हसू एकेक करून विझलं. आईंनी माझ्याकडे बघितलं, मग काकाच्या डोक्याकडे बघितलं. तिथे कोंडा होता.

"माझा आहे," काका म्हणाला. मागे काचेवर त्याचेच दोन फोटो, त्यामुळे तिघं मिळून कबूल करताहेत असं वाटत होतं. "रोज नाही. म्हणजे, बहुतेक रोज. पण जरासाच ग चिमे. एकेक तुकडा."

"माझ्या टोस्टरमध्ये?" चिमीने विचारलं. "मी तर घासत होते त्याला."

काकाने पोट आत ओढून धरायचं सोडून दिलं. एकदम म्हातारा दिसला.

आई तिथेच, दुकानाच्या फरशीवर, चिमीच्या उंचीला येऊन बसल्या. "तू खरं बोलत होतीस," त्या म्हणाल्या. "आणि मी ऐकलं नाही." चिमीने त्यांच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मग सहल?"

"जायचंय सहलीला."

तेव्हा तिने आनंदाने माझ्याकडे हात केला. आणि अर्ध्यात थांबवला. मागे घेतला. डॉक्टरांनी मान हलवली होती. तारांमध्ये, सांध्यांमध्ये अडकलेलं घासून जात नाही, ते म्हणाले. दुसरा घ्या.

दुसरा आला. चांगला आहे तो, नाव ठेवायला जागा नाही. चिमीचा पुढचा रिपोर्ट चांगला आला आणि सहलीला तोच गेला. घरात गहू नाही, तो नियम आता आईंचा आहे आणि त्याचा दुकानाशी संबंध नाही. बाबांनी फोटो उतरवले आणि झाडूवरचा शिक्का खरवडून काढला. लोक मात्र अजून येऊन विचारतात म्हणे, तो मनुकेवाला ग्लुटेन-फ्री पाव पुन्हा कधी येणार?

मला मागच्या गॅलरीत ठेवलंय, कपडे वाळत घालायच्या काठ्यांजवळ. काकाला गहू खायचा असेल तर इथे येऊन खायचा, असं ठरलंय. तो येतो, मोडक्या खुर्चीत बसतो, पाव भाजतो. आता कडी लावावी लागत नाही. तरी त्याला पहिल्यासारखी चव लागत नाही बहुतेक, कारण पुष्कळदा अर्धा पाव तो चिमण्यांना टाकतो. गॅलरीच्या बंद काचेतून आम्हाला टेबल दिसतं. चिमी मधल्या खुर्चीत असते. आता गालांवर मांस आलंय.

सहलीहून आल्यावर ती इथे आली होती. काचेच्या पलीकडे उभी राहिली, अलीकडे सगळा चुरा ना. काचेला तोंड लावून बराच वेळ काहीतरी सांगत होती. डोंगर असावा, कारण हात उंच केले. मग कुणीतरी पडलं असावं, कारण खूप हसली. ऐकू काहीच आलं नाही. मी टिक टिक करावं म्हटलं, पण माझी पिन काढलेली होती.

मित्रांनो, तुमच्याही ओळखीत कुणाचं तरी ताट वेगळं असेल, बाटली वेगळी असेल, चमचा वेगळा असेल. त्याला चिडवू नका आणि त्याच्या वस्तूला गंमत म्हणूनही हात लावू नका. त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसा, तेवढं पुष्कळ होतं. आणि ते पोर काही सांगत असेल, तर आधी ऐका. मुख्य म्हणजे, जरासं केलं तर काय बिघडतं, असं कधी म्हणू नका. ते जरासं अजून माझ्या तारांमध्ये आहे.